श्रावित आणि निबद्ध : समूहाच्या कार्यकारी मंडळाचा अधिकार

१

कोणतीही सभासदांची संस्था घेतली तरी तिला दोन अंगें असतात. एक, सर्व सभासदांची मिळून होणारी साधारण सभा. व दुसरें, त्या सभेनें ठराविक मुदतीसाठीं नेमलेलें कार्यकारी मंडळ. वैद्यांची संस्था असो, वकिलांची असो, शिक्षकांची असो, किंवा जुने कागद जमविणाऱ्या आमच्यासारख्यांचें संशोधनमंडळ असो, रचना सामान्यतः हीच. वर्षांतून एकदां साधारण सभा भरते, अहवाल व हिशेब वाचले जातात, मंडळ निवडलें जातें, आणि मग पुढील सभेपर्यंत सर्व कारभार त्या दहापांच गृहस्थांच्या हातीं राहतो. या दहापांचांस सर्वांच्या वतीनें बोलण्याचा अधिकार कोठून येतो, तो कोणत्या अटींवर टिकतो, आणि त्या अटी मोडल्या म्हणजे काय होतें, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

ही सर्व रचना इंग्रजी अमलांत आपणांकडे आली, असा समज सुशिक्षितांतही आढळतो. कायद्याची भाषा त्या अमलांतली आहे हें खरें. परंतु मूळ विचार फार जुना आहे. त्याचे पुरावे स्मृतिग्रंथांत आहेत व शिलालेखांत आहेत. आणि वाचकांस कदाचित् नवल वाटेल, परंतु आज तो विचार स्पष्टपणें चालतांना पाहावयाचा असेल तर चंद्रपूर व गडचिरोली या दोन जंगली जिल्ह्यांतील कांहीं ग्रामसभांकडे पाहावें लागतें. आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, मंडळाचा अधिकार दोन क्रियांवर उभा असतो : निर्णय सर्वांस ऐकविणें, आणि तो लिहून ठेवणें. यांपैकीं एक जरी सुटली, तरी मंडळ राहतें, अधिकार राहत नाहीं. हें दाखविण्यासाठीं आधीं ग्रंथ, मग शिलालेख, मग कायदा आणि शेवटीं अरण्य, या क्रमानें आम्ही जाणार आहों.

२

धर्मशास्त्रांतील व्यवहारपदांत ‘संविद्व्यतिक्रम’ नांवाचें एक पद आहे. संविद् म्हणजे समूहानें आपसांत केलेला ठराव, व व्यतिक्रम म्हणजे त्याचें उल्लंघन. नारदानें याच विषयास ‘समयस्यानपाकर्म’ असें नांव दिलें आहे. श्रेणि म्हणजे एका धंद्याच्या लोकांचा संघ. नैगम, गण, पाखंडी हे इतर समूह. या सर्वांनीं आपसांत ठरविलेले नियम राजानेंही पाळावयास लावावे, असें स्मृतिकारांचें मत आहे. म्हणजे समूहाचा ठराव ही केवळ घरगुती गोष्ट नव्हे; तिला धर्माचें पाठबळ आहे.

समूहाचें काम पाहणाऱ्यांस याज्ञवल्क्यानें ‘कार्यचिंतक’ हा फार अर्थपूर्ण शब्द योजिला आहे. तो त्यांस अधिपति म्हणत नाहीं, स्वामी म्हणत नाहीं. कामाची चिंता वाहणारे, एवढाच त्यांचा दर्जा. ते धर्म जाणणारे, शुद्ध आचरणाचे व निर्लोभी असावे अशी त्याची अपेक्षा आहे. बृहस्पतीनें त्यांची संख्याही सांगितली आहे : दोन, तीन किंवा पांच. बृहस्पतिस्मृति आज संपूर्ण ग्रंथाच्या रूपानें उपलब्ध नाहीं. निबंधकारांनीं ठिकठिकाणीं घेतलेल्या वचनांवरून ती जुळविली गेली आहे. त्या वचनांत कार्यचिंतक कोण नसावा याची जी यादी येते ती विशेष लक्षांत घेण्याजोगी आहे. द्वेष करणारा, व्यसनी, बुजरा, आळशी, भित्रा, लोभी, अतिवृद्ध आणि बालक, अशांस नेमूं नये. द्वेषी, व्यसनी व लोभी यांस वगळण्याचें कारण उघड आहे. पण बुजरा आणि भित्रा यांचा दोष कोणता? आमच्या मतें तो असा, कीं मंडळांत बसून जो बोलत नाहीं, त्याची जागा दुसऱ्या कोणाच्या तरी मताला अनायासें मिळते. गप्प बसणाराही समूहाचें नुकसान करितो, हें स्मृतिकारांस ठाऊक होतें.

द्रव्याविषयीं याज्ञवल्क्य याहून कडक आहे. समूहाच्या कामासाठीं पाठविलेल्या माणसास जें मिळेल तें त्यानें समूहाच्या स्वाधीन करावें. आपण होऊन न दिल्यास त्याजकडून अकरापट वसूल करावें. समूहाचें द्रव्य हरण करणाऱ्याचें सर्वस्व घेऊन त्यास देशाबाहेर घालवावें. दुसऱ्या बाजूनें, समूहाच्या हिताचें सांगणाऱ्यांचें म्हणणें सर्वांनीं मानावें, आणि विरुद्ध वागणाऱ्यास प्रथम साहस दंड करावा, असेंही तोच सांगतो. एकंदरींत अधिकार मोठा, परंतु जबाबदारी त्याहून मोठी, अशी ही मांडणी आहे. ठराव सभेपुढें कसा यावा व त्याची नोंद कशी राहावी, हें प्रत्यक्ष पाहण्यासाठीं मात्र शिलालेखांकडे वळणें बरें.

३

नाशिकच्या पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यांत उषवदाताचा एक लेख आहे. हा क्षहरात क्षत्रप नहपानाचा जावई. लेखांत ४२ व्या वर्षाचा उल्लेख आहे. त्यानें भिक्षुसंघासाठीं अक्षयनीवी म्हणून ३,००० कार्षापण दिले आणि ते गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवले. २,००० एका श्रेणीकडे, दरमहा शेंकडा एक या व्याजानें. व १,००० दुसरीकडे, दरमहा शेंकडा पाऊण या व्याजानें. मुद्दल परत मागावयाचें नाहीं, केवळ व्याज खर्चावयाचें. पहिल्या रकमेच्या व्याजांतून वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंस प्रत्येकीं १२ कार्षापण वस्त्रासाठीं द्यावयाचे. हिशेब करून पाहिला तर २,००० वर शेंकडा एक म्हणजे दरमहा २०, वर्षास २४०; आणि २० भिक्षूंस १२ प्रमाणें बरोबर २४०. म्हणजे लेखांतील आंकडे पोकळ नाहींत, विचार करून बसविलेले आहेत.

आपल्या विषयाच्या दृष्टीनें या लेखांतील पुढील भाग अधिक मोलाचा आहे. हें सर्व निगमसभेंत ऐकविलें गेलें आणि रिवाजाप्रमाणें फलकवारांत, म्हणजे नोंदीच्या जागीं, नोंदलें गेलें, असें तेथें सांगितलें आहे. ‘श्रावित’ व ‘निबद्ध’ हे ते दोन शब्द. दाता राजाचा जावई होता. केवळ हुकुमानें त्याला हें करितां आलें असतें. तरीही दान पक्कें होण्यासाठीं तें सभेच्या कानांवर पडावें लागलें व फलकावर चढावें लागलें. श्रेणीचे प्रमुख बदलतील, मरतील. परंतु ऐकणारी सभा व लिहिलेला फलक असेपर्यंत देणें बुडणार नाहीं, हा त्यामागील विश्वास.

दुसरा पुरावा दक्षिणेकडील. कांचीजवळच्या उत्तरमेरूर येथें चोल राजा पहिला परांतक याच्या काळचे, इ. स. ९१९ व ९२१ चे, दोन लेख आहेत. तेथील महासभेनें आपल्या समित्या कशा नेमाव्या याचे नियम त्यांत आहेत. गांवाचे ३० विभाग. प्रत्येक विभागांतील पात्र माणसांचीं नांवें पत्रांवर लिहून घटांत घालावयाचीं. आणि सर्व सभेसमक्ष एका अजाण मुलाकडून एकेक पत्र काढवावयाचें. अशा रीतीनें निघालेल्या ३० जणांपैकीं १२ वार्षिक समितीवर, १२ बागांच्या समितीवर व ६ तळ्याच्या समितीवर. मागील तीन वर्षांत जो समितीवर होता त्याचें नांव घटांत पडत नसे. ज्यानें समितीवर बसून हिशेब दिला नाहीं, तो तर बाद होईच, परंतु त्याचे जवळचे नातलगही बाद होत.

उत्तरमेरूरचें गोडवे गातांना एक गोष्ट विसरूं नये. घटांत नांव पडण्यास जमीन, स्वतःचें घर, वय व वेदाध्ययन इतक्या अटी होत्या. स्त्रिया, भूमिहीन व इतर जाती या कारभाराच्या बाहेर होत्या. नियम उत्तम, परंतु सभा अपुरी. हा फरक पुढें उपयोगी पडेल.

४

आतां आजचा कायदा. आपल्या बहुतेक विद्वत्संस्था व व्यवसायसंस्था ज्याखालीं नोंदल्या जातात तो संस्था नोंदणी अधिनियम १८६० सालचा. सात किंवा अधिक माणसांनीं एकत्र येऊन उद्देशपत्रिका सादर करावी, तींत संस्थेचें नांव, उद्देश व नियामक मंडळाच्या सभासदांचीं नांवें असावीं, अशी त्याची योजना आहे. मंडळाची यादी दरवर्षीं निबंधकाकडे पाठवावी लागते. दैनंदिन कारभार मंडळाचा. परंतु संस्थेचा उद्देशच बदलावयाचा झाल्यास मंडळाचा अधिकार संपतो. त्यासाठीं दहा दिवस आधीं सूचना देऊन खास सभा बोलवावी लागते. तींत तीन-पंचमांश मतें पडावीं लागतात. आणि एका महिन्याच्या अंतरानें दुसरी खास सभा भरवून तितक्याच मतांनीं तो ठराव पुन्हां कायम करावा लागतो. एकच गोष्ट सभेला दोनदां ऐकवावी, मध्यें महिनाभर विचारास द्यावा, असा हा नियम. श्रावित व निबद्ध यांचें हें आधुनिक रूपच म्हणावयाचें.

मात्र हा कडकपणा अशा थोड्या मोठ्या गोष्टींपुरता आहे. बाकीचें बहुतेक कायद्यानें संस्थेच्या नियमावलीवर सोडलें आहे. म्हणून अनुभव असा येतो कीं, मंडळाच्या सभांचें इतिवृत्त कपाटांत राहतें, साधारण सभेस त्याचा सारांश मिळतो, आणि सारांश लिहिणारा तोच असतो ज्याच्या कामाचा तो सारांश असतो. सभासद येत नाहींत म्हणून मंडळ एकटेंच ठरवितें, आणि मंडळ एकटेंच ठरवितें म्हणून सभासद येत नाहींत. या फेऱ्यांतून सुटण्याचा मार्ग कोणता, याचें उत्तर शोधतांना आम्हांस अरण्यांतील उदाहरणें महत्त्वाचीं वाटलीं.

५

ग्रामसभा ही व्यवसायसंस्था नव्हे. तिचें सभासदत्व वर्गणीनें मिळत नाहीं. गांवांत राहण्यानें व वयांत येण्यानें मिळतें. परंतु या दोन जिल्ह्यांतील अनेक ग्रामसभांपाशीं सामायिक द्रव्य आहे, नेमलेल्या समित्या आहेत, नियम आहेत व दप्तर आहे. सभा आणि मंडळ यांचा संबंध पाहण्यास जें जें लागतें तें सर्व येथें आहे.

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजीं चंद्रपूर जिल्ह्यांतून निराळा झाला. त्याच्या धानोरा तालुक्यांत मेंढा (लेखा) हें गोंड वस्तीचें लहानसें गांव आहे. १९८० नंतरच्या दशकांत इंचमपल्ली व भोपालपटनम येथील नियोजित धरणांविरुद्ध या मुलुखांत ‘जंगल बचाव, मानव बचाव’ ही चळवळ झाली. तिच्यांतून मेंढ्यास स्वशासनाचा विचार रुजला. गांवचे देवाजी तोफा आणि चंद्रपूरच्या वृक्षमित्र संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल यांचीं नांवें या कार्याशीं कायमचीं जोडलीं गेलीं आहेत. दिल्ली-मुंबईत आमचें सरकार आहे, परंतु आमच्या गांवांत आम्हीच सरकार, ही येथील घोषणा सर्वत्र प्रसिद्ध झाली.

या ग्रामसभेच्या कारभारांत आमच्या विषयाला धरून दोन गोष्टी आहेत. पहिली, निर्णय बहुमतानें होत नाहीं, सर्वसहमतीनें होतो. कोणाचा विरोध असेल तर विषय पुढें ढकलावयाचा, पुन्हां बोलावयाचें, पुन्हां बसावयाचें. बहुमतानें घेतलेला निर्णय अल्पमतवाल्यांवर लादावा लागतो. सर्वसहमतीचा निर्णय प्रत्येकजण आपलाच म्हणून पाळतो. जंगल राखण्याच्या कामांत हा फरक फार मोठा पडतो, कारण रानांत प्रत्येकाच्या मागें पहारेकरी ठेवितां येत नाहीं.

दुसरी गोष्ट अभ्यास गटाची. एखाद्या प्रश्नाची माहिती करून घेण्यासाठीं, कायदा समजून घेण्यासाठीं इच्छुक माणसें एकत्र बसतात. बाहेरचे जाणकारही त्यांत बसूं शकतात. परंतु अभ्यास गटास निर्णयाचा अधिकार नाहीं. तो चर्चा करितो, ठरविते ग्रामसभा. या ठिकाणीं मनुस्मृतीच्या बाराव्या अध्यायांतील परिषदेची आठवण होते. तेथें दहांची किंवा निदान तिघांची परिषद् सांगून, वेद जाणणाऱ्या एकाचाही निर्णय हजारों अज्ञांच्या निर्णयाहून श्रेष्ठ मानला आहे. म्हणजे तेथें ज्ञान स्वतःच निर्णय करितें. मेंढ्यास ज्ञान सल्ला देतें आणि सभा निर्णय करिते. विद्वत्संस्थांनींही विचार करावा असा हा भेद आहे. जाणकारांचें म्हणणें ऐकावें, परंतु त्यांची जाण हीच त्यांची सत्ता होऊं देऊं नये.

पुढें २००६ सालीं वनहक्क मान्यतेचा कायदा झाला. त्याच्या व्याख्येंत ग्रामसभा म्हणजे गांवांतील सर्व प्रौढ माणसांची सभा; स्त्रियांचा सहभाग पूर्ण व अनिर्बंध असावा असें तेथें स्पष्ट म्हटलें आहे. उत्तरमेरूरच्या घटांत ज्यांचीं नांवें कधीं पडलीं नाहींत, तीं सर्व माणसें येथें सभेंत आलीं. या कायद्याखालीं २००९ सालीं मेंढ्याच्या ग्रामसभेचा सुमारें १,८०० हेक्टर जंगलावरील सामूहिक हक्क मान्य झाला. देशांतील आरंभीच्या अशा मान्यतांपैकीं ही एक.

परंतु हक्क मान्य झाला तरी बांबू गांवाबाहेर नेण्याचा परवाना देण्याचा अधिकार कोणाचा, हा वाद राहिला. वाहतुकीचा परवाना नसेल तर तोडलेला बांबू विकणार कसा? हा प्रश्न २७ एप्रिल २०११ रोजीं सुटला. त्या दिवशीं केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश व मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण हे मेंढ्यास आले आणि परवान्यांचें पुस्तक ग्रामसभेच्या हातीं दिलें गेलें. जुने कागद हाताळणाऱ्यांस यांतील मर्म सांगावयास नको. हक्काचा कागद दोन वर्षें गांवापाशीं होता. परंतु परवाना फाडून देण्याचें पुस्तक व त्याची स्थळप्रत हातीं आली, तेव्हां हक्क वापरांत आला. सत्ता पुष्कळदां पुस्तकाच्या रूपानें येते आणि पुस्तकाच्या रूपानेंच जाते.

या कायद्याखालील नियमांत २०१२ सालीं सुधारणा झाली. ग्रामसभेच्या सभेस निदान निम्मे सभासद हजर पाहिजेत, व हजर असणाऱ्यांत निदान एक-तृतीयांश स्त्रिया पाहिजेत. जंगलाच्या व्यवस्थेसाठीं ग्रामसभा जी समिति नेमील, तिचे परवाने देण्याविषयींचे, विक्रीच्या उत्पन्नाच्या विनियोगाविषयींचे व व्यवस्थापन आराखडा बदलण्याविषयींचे सर्व निर्णय ग्रामसभेनें संमत करावयाचे. १८६० च्या कायद्याशीं हें ताडून पाहावें. तेथें उद्देश बदलण्यासारख्या मोठ्या गोष्टींपुरतें सभेकडे जावें लागतें. येथें पैसा कसा खर्चावा यासाठींही सभेकडे जावें लागतें. तेथें मंडळ सभेच्या नांवानें वर्षभर वागतें. येथें समिति सभेच्या नजरेखालीं वागते. याज्ञवल्क्याचा ‘कार्यचिंतक’ हा शब्द कोणास खरोखर शोभत असेल तर तो या समितीस.

२०१३ सालीं मेंढ्यानें आणखी पुढचें पाऊल टाकलें. महाराष्ट्र ग्रामदान अधिनियम, १९६४ याखालीं गांवकऱ्यांनीं आपल्या जमिनीची मालकी ग्रामसभेस अर्पण केली. इतका मोठा ठराव दहापांचांच्या मंडळास करितां येणें अशक्य होतें. ज्याचें त्याचें संमतिपत्र असल्यावांचून असा ठराव उभाच राहत नाहीं.

६

दुसरें उदाहरण चंद्रपूर जिल्ह्यांतील गोंडपिपरी तालुक्यांतलें पाचगांव. यास २०१२ सालीं सुमारें १,००० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पाचगांवानें आपल्या जंगलाचे नियम बसून तयार केले व लिहून काढले. बांबूच्या विक्रीवर गांवास रोजगार व उत्पन्न मिळूं लागलें. जंगलाचा कांहीं भाग अजिबात न तोडण्यासाठीं राखून ठेवला. आणि विशेष म्हणजे तेंदूपानांचा हंगाम स्वखुशीनें बंद केला. तेंदूपानें हें या मुलुखांतील रोख पैशाचें मोठें साधन. परंतु त्यासाठीं फांद्या छाटल्या जातात व नवी पालवी यावी म्हणून आगीही लावल्या जातात, हें ध्यानांत घेऊन गांवानें त्या उत्पन्नावर पाणी सोडलें.

याच जिल्ह्यांतील नागभीड तालुक्यांत देवटेक येथें एक प्रसिद्ध शिला सांपडली. म. म. वा. वि. मिराशी यांनीं तिच्यावरील लेखांचा अभ्यास करून दाखविलें कीं, जुना लेख अशोककालीन वळणाच्या ब्राह्मी अक्षरांत असून त्यांत प्राणी पकडण्यास व मारण्यास बंदी करणारी स्वामीची आज्ञा आहे. त्याच शिलेवर पुढें वाकाटक रुद्रसेनाच्या धर्मस्थानाचा लेख कोरला गेला. म्हणजे एका काळची आज्ञा दुसऱ्या काळीं केवळ दगड म्हणून उपयोगी पडली. देवटेकची बंदी वरून खालीं आली होती. पाचगांवची बंदी सभेंतून निघाली. पहिली पाळली जाते कीं नाहीं हें पाहण्यास अधिकारी लागतो. दुसरीचे पहारेकरी ती करणारेच असतात. दोहोंतील हेतु एकच असेल, परंतु अधिकाराचें मूळ निराळें आहे.

७

येथें दोन आक्षेप येतील. पहिला असा, कीं सर्वसहमति लहान गांवांत साधते. हजारों सभासदांच्या संस्थेंत ती कशी साधावी? आक्षेप रास्त आहे. परंतु याचें उत्तरही याच मुलुखांत मिळतें. गडचिरोली जिल्ह्यांतील कोरची तालुक्यांत अनेक ग्रामसभांनीं मिळून महाग्रामसभा उभारली. तींत गांवोगांवचे स्त्री व पुरुष प्रतिनिधि बसतात. निर्णयाचें मूळ ठिकाण मात्र गांवची ग्रामसभाच राहते; प्रतिनिधि तेथून मत घेऊन येतो आणि महाग्रामसभेंतील बोलणें परत तेथें नेऊन सांगतो. मोठ्या संस्थेनें आपल्या जिल्हा-शाखा अशा रीतीनें वापरल्या, तर मंडळास सभासदांचा आवाज वर्षांतून एकदांच ऐकावा लागणार नाहीं.

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. सर्वसहमतींत दुर्बळाचा विरोध दबून जाण्याचा संभव नाहीं काय? बहुमतांत निदान विरोधी मत मोजलें जातें. सहमतींत तें शरमेनें गिळलें जाऊं शकतें. हा धोका खरा आहे, आणि बृहस्पतीनें बुजऱ्यास व भित्र्यास कां वगळलें याचें उत्तरही येथेंच आहे. सहमतीचा अर्थ शांतता असा घेतला कीं ती लबाडी होते. म्हणून स्त्रियांची ठराविक हजेरी, अभ्यास गटांत आधीं मोकळी चर्चा, आणि मतभेद असतां विषय पुढें ढकलण्याची तयारी, हीं तीन बंधनें सहमतीबरोबर असलींच पाहिजेत. तीं नसतील तर साधें बहुमत पुष्कळ बरें.

८

आतां आमच्या वाचकांच्या कामाची गोष्ट. हा विषय संशोधनमंडळाच्या त्रैमासिकांत कशासाठीं, असें कोणी विचारील. कारण असें, कीं ग्रामसभेचा हक्क सिद्ध होण्यांत जुन्या कागदांचा थेट संबंध आहे.

चांदा जिल्हा जुन्या मध्यप्रांतांत होता. येथें मालगुजारी होती व मोठाल्या जमीनदाऱ्या होत्या. सरपण, घरासाठीं लांकूड, बांबू, गुरांची चराई अशा गरजा भागविण्याचा गांवकऱ्यांचा जो परंपरागत हक्क, त्यास ‘निस्तार’ म्हणतात. गांवचे रीतिरिवाज ‘वाजिब-उल्-अर्ज’ नांवाच्या कागदांत लिहिले जात. पुढें निस्तारपत्रकें झालीं. १९५० च्या कायद्यानें मालगुजारी व जमीनदारी नष्ट झाली आणि जंगलें सरकारांकडे गेलीं, परंतु कागद राहिले. २००६ च्या कायद्यानें जे सामूहिक हक्क मान्य केले त्यांत निस्तार नांवानें उल्लेखिलेला आहे. संस्थानें व जमीनदाऱ्या यांच्या काळचे हक्कही त्यांत येतात. त्याच्या नियमांत पुरावा म्हणून गॅझेटियर, जनगणना, जमाबंदीचे अहवाल, नकाशे, हक्कनोंदी, गांवांतील वृद्धांचें लिहून घेतलेलें कथन, इतकेंच नव्हे तर देवराया व स्मशानें यांसारख्या खुणाही चालतात. मेजर लूसी स्मिथ यांचा चांदा जिल्ह्याच्या जमाबंदीचा १८६९ चा अहवाल व १९०९ चें चांदा गॅझेटियर हीं आम्हां संग्राहकांच्या कपाटांतील नेहमींचीं पुस्तकें. त्यांतील एखादें पान एखाद्या गांवाचा पुरावा ठरूं शकतें. भोसल्यांच्या अमलांतील मोडी कागद, जमीनदारांच्या घरचीं दप्तरें, मालगुजारांच्या वह्या यांचेंही तसेंच. जो रुमाल आपण केवळ अक्षरवळणासाठीं सोडतो, त्यांत कोणाचें तरी रान बांधलेलें असण्याचा संभव आहे.

म्हणून तीन गोष्टी सुचवितों. पहिली, ज्यांच्याजवळ या मुलुखांतील कागद आहेत त्यांनीं त्यांची गांववार यादी करावी. आपल्या याद्या बहुधा राजे, सरदार व तारखा यांच्या क्रमानें असतात; ग्रामसभेस गांवाच्या नांवानें शोध घेतां आला पाहिजे. दुसरी, ग्रामसभांच्या ठरावांच्या वह्या, परवान्यांच्या स्थळप्रती व नियमांचे कागद हे आजचे नवे दिसत असले तरी पन्नास वर्षांनीं तेच हस्तलिखितें ठरणार आहेत. वाळवी, ओल व आग यांपासून ते राखण्याची विद्या आपणांस आहे. ती तेथें पोंचवावी. परंतु मूळ वही गांवाबाहेर नेऊं नये. संग्राहकाचा मोह आम्हां सर्वांस माहीत आहे. येथें मात्र मूळ गांवांत, आणि प्रत मंडळांत, हाच क्रम असावा. दप्तर सभेपासून दूर गेलें कीं निबद्ध असूनही तें सभेचें राहत नाहीं.

तिसरी गोष्ट सर्वांत सोपी व सर्वांत महत्त्वाची. कोणत्याही गांवचा जुना कागद वाचला गेला, कीं त्याचें वाचन त्या गांवच्या ग्रामसभेंत मोठ्यानें करावें. मोडीचें मराठींत, आणि जेथें गोंडी चालते तेथें गोंडींतही. नाशिकचें दान आधीं सभेस ऐकविलें गेलें आणि मग नोंदलें गेलें. आपल्याकडे उलटा प्रकार झाला आहे : नोंदलेलें पुष्कळ आहे, परंतु ज्यांच्याविषयीं तें आहे त्यांनीं तें अद्यापि ऐकलेलें नाहीं.